खुंटकट्टी आणि क्रूस

ख्रिस्ती धर्माने आदिवासींचं भलं केलं की वाटोळं, हा वाद सुरू झाला की दोन्हीकडच्या याद्या तयारच असतात. एका यादीत शाळा, दवाखाने, कुष्ठरोग्यांचे आश्रम, आदिवासी भाषांची व्याकरणं आणि शब्दकोश. दुसरीत जाळलेल्या पोथ्या, फोडलेले देव, मुलांची बदललेली नावं, धान्याच्या पोत्यापाशी उरकलेले बाप्तिस्मे. पहिली यादी वाचणारा दुसरीला अपवाद ठरवतो आणि दुसरी वाचणारा पहिलीला आमिष म्हणतो. मग कुणीतरी गोव्याचं इन्क्विझिशन काढतं, त्याला उत्तर म्हणून कुणीतरी फादर स्टीफन्सचं १६१६ सालचं मराठी क्रिस्तपुराण पुढे करतं, आणि चहा गार होतो. दोन्ही याद्यांतल्या बहुतेक नोंदी खऱ्या असतात, म्हणून तर हा वाद कधी मिटत नाही. पण एका यादीत आदिवासीचा उद्धार होतो आणि दुसरीत त्याची फसवणूक होते. तो स्वतः काही करतो, ठरवतो, नाकारतो असं दोन्हींत कुठेच लिहिलेलं नसतं.

हा वाद घालायचाच असेल तर धर्मशास्त्राच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा असं मला वाटतं. त्या ठिकाणी मिशनच्या दारात गेलेल्या माणसाला तिथून उठून परत जाता येत होतं का? या एका प्रश्नाने सगळे हिशोब चुकते होत नाहीत. पण एकाच बायबलाच्या आधाराने एका खंडात काय घडलं आणि दुसऱ्या खंडात त्याहून वेगळं का घडलं, हे कळायला तो बराच उपयोगी पडतो.

आजच्या झारखंडातल्या छोटा नागपूरकडे पाहू. १८४५ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या योहान्स गॉस्नर यांनी पाठवलेले चार जर्मन मिशनरी रांचीला पोचले. पहिली काही वर्षं जवळजवळ कोरडीच गेली. १८५० मध्ये चार उराव पुरुषांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कुठे कामाला सुरुवात झाल्यासारखं वाटलं. सत्तावनच्या उठावात मिशन लुटलं गेलं, नवे ख्रिस्ती रानोमाळ पांगले. उठाव शमल्यावर मात्र गावंच्या गावं मिशनकडे यायला लागली. प्रवचनं तीच होती, प्रवचन देणारेही बहुतेक तेच. फरक पडला होता तो जमिनीच्या भांडणात.

तिथल्या मुंडा आदिवासींची जमिनीची पद्धत खुंटकट्टी. ज्या किलीने, म्हणजे कुळीने, जंगल तोडून गाव वसवलं, त्या गावची जमीन त्या किलीची. राजाला वर्षाकाठी थोडंसं देणं द्यायचं, पण राजा जमिनीचा मालक नव्हे. मालकीचा पुरावा म्हणजे ससनदिरी, पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या प्रचंड शिळा. आपल्या भाषेत बोलायचं तर हाच त्यांचा सातबारा. पण नागवंशी राजांनी आपल्या मर्जीतल्या बाहेरच्या लोकांना गावं इनाम द्यायला सुरुवात केली. त्यांच्यामागून ठेकेदार आले, सावकार आले. मुंडा त्या सगळ्यांना दिकू म्हणत. दिकूंनी खंड वाढवला, बेठबेगारी लादली आणि कोर्टात कागद दाखवले. इंग्रजांच्या कोर्टाला कागद कळत होता, शिळा कळत नव्हती. १८३१-३२ चा कोल उठाव याच रागातून पेटला. तो मोडला गेला आणि जमीन जातच राहिली.

अशा वेळी रांचीत एक गोरा माणूस राहतो, त्याला कमिशनरच्या बंगल्यात बसायला खुर्ची मिळते आणि तो तुमची भाषा शिकतो आहे, हे कळल्यावर मुंडा गावाने काय करावं? गाव त्याच्याकडे गेलं. लोक आत्म्यासाठी येतात की शेतासाठी, ही चिंता मिशनऱ्यांनाही होती आणि ती रास्तच होती. १८८५ मध्ये तोरपा भागात आलेल्या कॉन्स्टंट लिव्हन्स या बेल्जियन जेझुइटाने ही चिंता फार वेळ केली नाही. त्याने कुळकायदा वाचून काढला, खंडाची पावती मागायला लोकांना शिकवलं, बेगारीला कायद्याची मर्यादा किती ते समजावलं, दावे चालवायला वकील मिळवून दिले. थोड्याच वर्षांत हजारो मुंडा आणि उराव कॅथलिक झाले. जमीनदारांनी तक्रारी केल्या, अधिकारीही अस्वस्थ झाले. लिव्हन्स क्षयाने खंगून युरोपला परतला आणि १८९३ मध्ये वारला.

याला आमिष म्हणायचं का? आजच्या कायद्यांच्या भाषेत बहुधा म्हणता येईल. पण मग कर्जाच्या कागदावर अंगठा घेऊन शेत गिळणाऱ्या सावकाराच्या व्यवहाराला आपण काय म्हणतो? त्याला आपण व्यवहारच म्हणतो. वकील देणाऱ्याच्या हेतूची झाडाझडती घ्यावी, जरूर घ्यावी. पण ज्याला वकील लागतो त्याच्यावर ती वेळ कुणी आणली याची चौकशीही त्याच बैठकीत व्हायला हवी. शिवाय मुंडांनी मिशनशी केलेला व्यवहार डोळे मिटून केलेला नव्हता. याचा पुरावा त्यांच्या येण्यापेक्षा त्यांच्या जाण्यात सापडतो.

जमिनीसाठी चाललेली सरदारी लढाई ही याच काळातली, तीसेक वर्षं चाललेली. तिचे पुढारी म्हणजे सरदार, आणि त्यांतले बरेचसे ख्रिस्ती. त्यांची मागणी मोठी होती: खंड कमी करणं पुरे नाही, मुलूखच आमचा आहे, तो परत द्या. जर्मन मिशनने हात वर केले. अर्ज करा, दावे लावा, पण खंड बुडवू नका, असा मिशनचा सल्ला. सरदार मिशनमधून बाहेर पडले. त्यांतले काही कॅथलिकांकडे गेले. तिथेही एका मर्यादेपलीकडे साथ मिळेना, तेव्हा तिथूनही निघाले. अर्ज मात्र चालूच राहिले. प्रत्येक दारात त्यांनी तीच मागणी नेली. भोळीभाबडी, तांदळाला भुललेली माणसं असं वागत नाहीत. आणि मिशनऱ्याच्या कृपेने अंधारातून उजेडात आलेली माणसंही असं वागत नाहीत.

बिरसा मुंडा याच वातावरणात वाढला. जन्म १८७५ चा. घरचे ख्रिस्ती झालेले, आणि तो स्वतः चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकला. तिथे सरदारांना नावं ठेवली गेली तेव्हा तो उलट बोलला आणि त्याची शाळा सुटली असं सांगतात. ‘साहेब साहेब एक टोपी’ ही त्या वेळची घोषणा त्याच्याच नावावर जमा आहे: मिशनचा साहेब काय आणि कचेरीतला साहेब काय, टोपी एकच. पुढे तो बंदगावच्या एका वैष्णवाच्या सहवासात राहिला, जानवं घातलं, मांस सोडलं. तेही त्याला पुरेसं वाटलं नाही. १८९५ मध्ये त्याने स्वतःचाच पंथ काढला. त्यात एकच देव सिंगबोंगा, भुताखेतांना बळी नाहीत, हंडिया, म्हणजे तांदळाची दारू, नाही. लोक त्याला धरती आबा म्हणू लागले. आज ज्याला जानवं दिसतं तो बिरसाला हिंदू म्हणून मांडतो, ज्याला एकेश्वरवाद दिसतो तो त्यात चर्चची छाया शोधतो. बिरसाने दोन्ही घरं आतून पाहिली होती आणि दोन्ही सोडली होती. जे घ्यायचं ते घेऊन तो निघाला, एवढं तरी मान्य करायला दोन्ही पक्षांना इतकं जड का जावं, कळत नाही.

२४ डिसेंबर १८९९ ला, नाताळच्या आदल्या रात्री, उलगुलान, म्हणजे बिरसाचा उठाव, सुरू झालं. मिशनच्या आवारांवर, ख्रिस्ती वस्त्यांवर बाण आले. सरवदाच्या मिशनवरही आले; तिथे योहान हॉफमन हा जर्मन जेझुइट काम करत होता. जानेवारीत डोंबारीच्या परिसरातल्या डोंगरावर जमलेल्या मुंडांवर गोळीबार झाला. फेब्रुवारीत बिरसा पकडला गेला आणि ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात वारला. वय पंचविशीच्या आत.

पुढची गोष्ट कोणत्याच यादीत नीट बसत नाही, म्हणून ती फारशी कुणी सांगत नाही. ज्याच्या मिशनवर बाण आले होते त्या हॉफमनने मुंडांच्या जमीन-पद्धतीवर तपशीलवार टिपणं लिहून सरकारपुढे ठेवली. खुंटकट्टी म्हणजे काय, किलीची मालकी कशी चालते, जमीनदार हा वरून लादलेला माणूस कसा आहे, हे जमाबंदीच्या अधिकाऱ्यांना समजेल अशा भाषेत मांडलं. १९०८ चा छोटा नागपूर कुळकायदा तयार होताना त्याचा हात लागला. त्या कायद्याने मुंडारी खुंटकट्टीला मान्यता दिली आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाण्यावर बंधन घातलं. बाण सुटले नसते तर सरकारने ऐकलंच नसतं. आणि हॉफमनची टिपणं नसती तर सरकारने जे ऐकलं ते भलतंच असतं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्याने सहकारी पतसंस्था काढली, म्हणजे सावकाराच्या पोटावरच पाय. चर्चच्या बाजूने बोलणारे इथे येऊन थांबतात. पण हा कायदा ख्रिस्ती मुंडांपुरता नव्हता. सरना, म्हणजे जुना आदिवासी धर्म, मानणाऱ्यालाही तो तेवढाच लागू होता. त्याची किंमत मोजली होती ती मुख्यतः चर्च सोडून गेलेल्या लोकांनी.

आता नुकसानीबद्दल. ते छोटं नव्हतं, आणि शाळा-दवाखान्यांच्या ढिगाखाली ते झाकूही नये. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाला सरहुल सोडावा लागला, करमच्या रात्रीचा नाच सोडावा लागला, हंडिया सोडावी लागली. उरावांची धुमकुरिया, म्हणजे तरुण पोरापोरींचं रात्रीचं घर, मिशनरी डोळ्यांना अनीतीचा अड्डा वाटली आणि ती ओस पडत गेली. सरना म्हणजे साल वृक्षांची देवराई. तिथल्या पूजेत गावातल्या प्रत्येक घराचा वाटा असतो. अर्ध्या गावाने वाटा देणं बंद केलं की पाहनाची, म्हणजे गावच्या पुजाऱ्याची, पूजा अपुरी राहते, पाऊस लांबला तर दोष कुणाचा यावर भांडण होतं. गाव दुभंगतं, आणि ही भेग १९०८ च्या कुठल्याही कलमाने बुजणारी नव्हती. विशेष म्हणजे या सगळ्या गाण्यांची, सणांची, शेतीच्या अवजारांची, नातेसंबंधांची सर्वांत बारकाईने नोंद केली ती हॉफमननेच. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला जर्मनीला परत पाठवण्यात आलं. तिथे बसून त्याने मुंडारी विश्वकोशाचं काम केलं. १९२८ मध्ये तो वारला आणि १९३० पासून पाटण्याहून त्या कोशाचे खंड छापून निघू लागले. त्याच्या चर्चने जे सोडायला लावलं ते त्याच्या कोशात जपलेलं आहे. याचं नेमकं काय करायचं, हे मला आजही ठरवता येत नाही.

नंतर चर्चचं धोरण बदललं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मांदर हा ढोल प्रार्थनेत आला, करमला चर्चच्या अंगणात जागा मिळाली. पण २०१३ मध्ये रांचीजवळ लाल काठाची पांढरी साडी नेसलेली, बाळ कपड्यात बांधून अंगाशी घेतलेली मरियेची मूर्ती बसवली, तेव्हा सरना संघटना रस्त्यावर उतरल्या. ती मूर्ती ज्यांच्या काळात बसली ते कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो स्वतः उराव होते. पूर्वी आमची साडी तुम्हाला अपवित्र वाटत होती, आता तीच आमच्यातली माणसं ओढायला वापरता, असा आंदोलकांचा सूर. यात शंभर वर्षांची खदखद आहे. तिला नुसता राजकीय बनाव म्हणून झटकता येत नाही, जरी त्या मोर्च्यांचा फायदा घ्यायला टपलेले पक्ष होतेच.

तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. छोटा नागपुरात मिशनजवळ पोलीस नव्हते. सोडून गेलेल्याला कुणी धरून आणलं नाही. सरदार गेले, बिरसा गेला, काही कुटुंबं परत सरना झाली. हे नसतं तर काय झालं असतं, ते पाहायला कॅनडात जावं लागतं.

कॅनडाच्या सरकारने १८८३ पासून पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळांची व्यवस्था उभारली. पैसा सरकारचा, आणि शाळा चालवणारे कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन. मुलं आईबापांपासून, भाषेपासून, देवांपासून दूर न्यायची, हा हेतू लपवलेला नव्हता. १९२० मध्ये कायदा आणखी कडक झाला. मूल पाठवलं नाही तर पालकाला शिक्षा आणि पळून गेलेल्या मुलामागे पोलीस. शंभराहून अधिक वर्षांत दीड लाखांवर मुलं या शाळांतून गेली. १९०७ मध्ये सरकारच्याच डॉक्टरने, पीटर ब्राइस यांनी, शाळांची पाहणी केली. ज्या पंधरा शाळांनी माहिती दिली त्यांतल्या १,५३७ मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मेलेला होता, मुख्यतः क्षयाने. अहवाल बाजूला ठेवला गेला. ब्राइस यांनी १९२२ मध्ये, निवृत्तीनंतर, तो विषय पुस्तिका काढून पुन्हा मांडला. शाळा चालूच राहिल्या. शेवटची बंद व्हायला नव्वदचं दशक संपत आलं.

२०२१ मध्ये कॅम्लूप्स इथल्या जुन्या शाळेच्या आवारात जमिनीत शिरणाऱ्या रडारने सुमारे दोनशे संभाव्य कबरींच्या खुणा दाखवल्या. जगभर बातमी झाली, चर्च जाळली गेली, आणि मग खणून पाहिलं का, हाडं सापडली का, यावर वाद अडकला. मला हा वाद विचित्र वाटतो. रडार बरोबर की चूक हे तज्ज्ञ ठरवतील. पण सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्येच कागदपत्रांतून ३,२०० मुलांच्या मृत्यूंची नोंद काढली होती, आणि ब्राइसचा अहवाल त्याच्याही शंभर वर्षं आधीचा. कागदावर असलेल्या मृत्यूंबद्दल फारसा कुणी भांडला नव्हता, कारण फारशा कुणी ते वाचलेच नव्हते.

या शाळांचा दोष धर्माचा की सरकारचा? दोघांचा, आणि ही पळवाट नव्हे. सत्ता सरकारने दिली. पण समोरच्या माणसाची संमती घ्यायची गरजच नाही, हे मानायची सवय फार जुनी होती आणि ती लावण्यात चर्चचा हात मोठा. पंधराव्या शतकात पोपच्या फर्मानांनी ख्रिस्ती राजांना बिगरख्रिस्ती मुलूख घ्यायला मोकळीक दिली. १५१३ च्या सुमारास स्पॅनिश लोकांनी एक जाहीरनामा तयार केला. तो अमेरिकेच्या किनाऱ्यावर स्पॅनिशमध्ये वाचायचा, ज्यांना तो कळत नाही अशा लोकांपुढे. त्यांनी शरणागती दिली नाही तर पुढच्या कत्तलीचा दोष त्यांचाच. याच चर्चच्या बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने या सगळ्यावर आयुष्यभर तोफ डागली, हेही खरं. त्याच लास कासासने सुरुवातीच्या काळात स्थानिकांऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणावेत असं सुचवलं होतं आणि पुढे त्याचा त्याला पस्तावा झाला, हेही खरं. व्हॅटिकनने त्या फर्मानांवर उभारलेल्या ‘शोधाच्या सिद्धांता’शी आपला संबंध नाही असं औपचारिकपणे म्हटलं ते २०२३ मध्ये.

कॅनडातही सगळं एकरंगी नाही. १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने क्री भाषेसाठी अक्षरलिपी छापली, आणि क्री लोकांनी ती इतक्या झपाट्याने उचलली की मिशनच्या शाळेविना माणसं एकमेकांना शिकवत गेली. क्री परंपरा मात्र सांगते की ही लिपी इव्हान्सची नव्हेच, ती त्यांच्याच एका पूर्वजाला आत्म्यांनी दिली. इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. लिपी ज्यांनी आपली केली, त्यांनी तिच्या जन्माची गोष्टही आपली केली. १९८६ मध्ये सडबरी इथे युनायटेड चर्चने मूळ रहिवाशांची माफी मागितली, इतर चर्चच्या आधी. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी ती ऐकून घेतली, पण स्वीकारली असं म्हटलं नाही. दोन वर्षांनी दिलेल्या उत्तरातही माफीची दखल आहे, स्वीकार नाही. तिथे रचलेला स्मारकाचा दगडी चौथरा मुद्दाम अर्धवट ठेवला आहे. ही माणसं स्वतः त्याच चर्चची सभासद होती. चर्चमध्ये राहून माफी नाकारणारा माणूस आपल्या याद्यांना पेलत नाही.

आपल्याकडे यावर जे वैचारिक रण माजलं त्याचं एक टोक मुंबई-पुण्यात आहे. इंग्रज पाद्री व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये आला तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात. गांधींच्या प्रभावात आला, आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या शामराव हिवाळ्यांबरोबर १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये जाऊन राहिला. धर्मांतराचं काम करायला तो तयार नव्हता, आणि बिशप त्याला परवाना द्यायला तयार नव्हता. १९३५ मध्ये त्याने चर्च सोडलं. पुढे त्याच मंडल्यात काम करणाऱ्या कॅथलिक मिशनविरुद्ध त्याने मोहीमही चालवली. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून आदिवासी हे ‘मागासलेले हिंदू’च आहेत, त्यांना वेगळं ठेवू नका, असं मांडलं. एल्विनला त्यांना बाहेरच्या जगापासून जपायचं होतं, घुर्यांना त्यांना मोठ्या समाजात मिसळून टाकायचं होतं. दोघेही विद्वान आणि दोघांच्याही मागे मोठा अभ्यास. पण कसं राहायचं हे बैगांनी किंवा गोंडांनी ठरवावं, हा पर्याय त्या गाजलेल्या वादात कुठे दिसत नाही. शामराव मात्र एल्विन शिलाँगला निघून गेल्यावरही तिथेच राहिले. त्यांच्यावर मराठीत फारसं लिहिलं गेलं नाही. वाद घालणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्यांवर कमी लिहिलं जातं.

पुढे १९५४ मध्ये जुन्या मध्य प्रदेश सरकारने, राजधानी नागपूर असताना, तिथल्याच उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. १९५६ चा तिचा अहवाल आजच्या धर्मांतरबंदी कायद्यांचा आजोबा म्हणायला हरकत नाही. मिशनऱ्यांवरचे त्यातले काही आरोप गंभीर आहेत आणि चर्चने ते सरसकट खोटे म्हणणं म्हणजे प्रश्न फार सोपा करून टाकणं होतं. पण शाळा, दवाखाना, कर्ज या सगळ्यांना आमिष ठरवलं की एक अडचण उभी राहते: मिशन जिथे पोचलं तिथे सरकारची शाळा का पोचली नव्हती?

सरकार जिथे पोचत नाही तिथे आदिवासींच्या बाजूने कोण उभं राहणार, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यात त्याआधीच वेगळ्या पद्धतीने सुटला होता. वारल्यांची वेठबिगारी, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी, जमीनदारांची मारझोड. हे सगळं तोरपाच्या मुंडांना ओळखीचं वाटलं असतं. इथे लिव्हन्स आला नाही. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर आले, किसान सभा आली, लाल बावटा आला. वारली त्याखाली हजारोंनी जमले. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला. बाहेरच्या लोकांनी आमच्या गरीब आदिवासींना भडकवलं, असं जमीनदार म्हणत होते. छोटा नागपूरचे जमीनदार लिव्हन्सबद्दल हेच म्हणत होते. ज्याने आपल्या बाजूने उभं राहून जमिनीचं भांडण लढवलं त्याचा झेंडा आदिवासींनी हाती घेतला. तो झेंडा क्रुसाचा होता की विळा-हातोड्याचा, हे त्या गावात आधी कोण पोचलं यावर बरंचसं ठरलं. श्रद्धावंतांना हे फार कोरडं वाटेल, आणि पुढच्या पिढ्यांची श्रद्धा खरी नव्हती असं मला मुळीच म्हणायचं नाही. नातवाची प्रार्थना आजोबाच्या दाव्यावरून मोजता येत नाही.

आणि कॅनडाच्या शाळांवर हळहळताना घराकडेही पाहावं. महाराष्ट्रात आदिवासी मुलांच्या शेकडो आश्रमशाळा आहेत, सरकारी आणि अनुदानित. मुलं स्वेच्छेने पाठवली जातात, पळून गेलेल्या मुलामागे पोलीस लागत नाहीत. हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. पण सापाच्या दंशाने, तापाने, उपचाराला झालेल्या उशिराने तिथे मेलेल्या मुलांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. कोरकूत किंवा माडियात बोलणाऱ्या मुलाला वर्गात गप्प बसावं लागतं. या शाळांवर क्रूस नाही. आईबाप शंभर कोसांवर, चौकशी करणारं जवळ कुणी नाही, आणि आपण करतो ते त्यांच्या भल्याचंच हा व्यवस्थेचा विश्वास. ही परिस्थिती पाद्र्याच्या झग्यावाचूनही तयार होते.

आता झारखंडात वाद पुढच्या टप्प्यावर आला आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या ४९ लाखांहून अधिक लोकांनी ‘इतर’ रकान्यात सरना लिहिलं, आणि २०२० मध्ये तिथल्या विधानसभेने सरनासाठी वेगळा रकाना मागणारा ठराव एकमताने केला. दुसरी मागणी डी-लिस्टिंगची: ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा. ती आजची नाही; १९६७ मध्ये कार्तिक उराव यांनी, स्वतः उराव असलेल्या खासदारांनी, ती संसदेत नेली होती. तिच्यामागची तक्रारही खोटी नाही. मिशनच्या शाळांमुळे ख्रिस्ती आदिवासी शिक्षणात पुढे गेले आणि राखीव नोकऱ्यांत त्यांचा वाटा मोठा झाला, हे सरना आदिवासी डोळ्यांनी पाहतात. त्यावर आरक्षणाच्या आत उपाय शोधता येतील.

पण डी-लिस्टिंग म्हणजे उपासनेची किंमत ठरवणं. मुंडा मिशनमध्ये जाऊ शकत होता आणि निघूही शकत होता, कारण दोन्ही वेळी तो मुंडाच राहत होता, त्याची खुंटकट्टी त्याच्याबरोबर होती. १९०८ च्या कायद्याचं ४६ वं कलम आज अनुसूचित जमातींच्या नावाने उभं आहे. त्या यादीतून लाखो ख्रिस्ती मुंडा, उराव आणि खडिया बाहेर काढले, तर त्यांच्या जमिनीवरचं हे कलमाचं कुंपण कशाच्या आधारावर टिकणार? आणि खुंटकट्टी एकट्याची नसते, किलीची असते. एकाच किलीत सरनाही आहेत आणि ख्रिस्तीही. २०१६ मध्ये याच कायद्यात जमिनीचा वापर सैल करणारी दुरुस्ती सरकारने आणली, तेव्हा दोन्हीकडचे लोक एकत्र रस्त्यावर आले होते. राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं आणि सरकारला ते गुंडाळावं लागलं. डी-लिस्टिंगच्या सभांमध्ये नोकऱ्यांवर बरंच बोललं जातं. ४६ व्या कलमाचं पुढे काय करायचं, याचं उत्तर त्या व्यासपीठावरून अजून माझ्या तरी ऐकण्यात आलेलं नाही.